मक्याचा साप आणि भुऱ्या मुलाचा सवाल

गेल्या वर्षीची गोष्ट. मधली सुट्टी संपवून सहावीच्या वर्गात गेलो तर मागच्या दोन बाकांवर सात-आठ डोकी एकत्र आलेली. कोणीतरी घरून मोबाइल आणला होता. शाळेत मोबाइल आणायचा नाही हा नियम, म्हणून मी तो काढून घेतला आणि पडद्याकडे बघून मीच थबकलो. कोणा परदेशी माणसाच्या तळहातावर एक साप होता. दुधासारखा पांढरा, अंगावर फिकट गुलाबी ठिपके, डोळे डाळिंबाच्या दाण्यासारखे. खाली नाव लिहिले होते, स्नो कॉर्न स्नेक.

"सर, इसकी कीमत मालूम?" एकाने विचारले. "अमेरिका में बेचते इसको."

पहिल्या बाकावर एक मुलगा बसला होता. तो नेहमी तिथेच बसतो, कारण फळ्यावरचे त्याला मागून दिसत नाही. केस, भुवया, पापण्या पिवळसर पांढऱ्या. पुस्तक नाकाला टेकवून वाचतो, उन्हात गेला की डोळे मिटून घेतो. वर्गात त्याला 'अंग्रेज' म्हणतात आणि मोहल्ल्यात 'भुऱ्या'. तो मागे न वळता म्हणाला, "सर, साँप भूरा हुआ तो महंगा. और मैं भूरा हुआ तो?"

वर्ग हसला. मला हसता आले नाही आणि उत्तरही देता आले नाही. मी मोबाइल खिशात टाकला आणि धडा सुरू केला. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी आणि उर्दू शिकवणारा मास्तर. साप हा माझा विषय नव्हे. पण तो सवाल डोक्यातून जाईना. मग त्या सापाच्या इतिहासाच्या मागे लागलो. जे वाचले ते इथे मांडतो. शेवटी ते एका घरापर्यंत कसे येऊन पोचले तेही सांगतो.

हा साप मूळचा अमेरिकेच्या आग्नेय भागातला. उत्तरेला न्यू जर्सीपासून दक्षिणेला फ्लोरिडाच्या टोकापर्यंत तो सापडतो. विष अजिबात नाही. उंदराला विळखा घालून मारतो आणि गिळतो. लांबी साधारण तीन ते पाच फूट. आपल्याकडे शेतात जे काम धामण करते तेच काम तिकडे हा करतो. शेतकऱ्यांनी मक्याची कणसे साठवायला लाकडी कोठारे बांधली, कोठारात उंदीर आले आणि उंदरांमागून हा आला. म्हणून कॉर्न स्नेक, म्हणजे मक्याचा साप, असे एक मत आहे. दुसरे मत असे की त्याच्या पोटावरची काळी-पांढरी चौकट तिकडच्या रंगीबेरंगी मक्याच्या दाण्यांसारखी दिसते. दोन्ही कारणे पटण्यासारखी आहेत. १७६६ मध्ये लिनियसने त्याची शास्त्रात नोंद केली आणि त्याच्या नावात 'गुट्टाटस' हा शब्द घातला. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ थेंब-थेंब पडल्यासारखा ठिपकेदार.

रानातला मक्याचा साप मुळातच देखणा असतो. नारिंगी किंवा तपकिरी अंग, त्यावर विटकरी लाल ठिपके, प्रत्येक ठिपक्याला काळी किनार. गंमत म्हणजे हाच देखणेपणा त्याच्या जिवावर उठतो. तिकडे कॉपरहेड नावाचा एक विषारी साप आहे. त्याच्याशी साम्य दिसते म्हणून लोक याला बघताच काठी मारतात. आपल्याकडे बिनविषारी सापांचे जे होते तेच.

आता रंगाचे थोडे शास्त्र. सापाच्या कातडीत रंगाच्या तीन प्रकारच्या पेशी असतात. काहींत काळा-तपकिरी रंग, म्हणजे मेलॅनिन. काहींत पिवळा आणि लाल रंग. तिसऱ्या पेशींत रंग नसतो, त्या उजेड परावर्तित करतात. तिन्ही थरांचा मेळ म्हणजे सापाचा रंग. यातला काळा थर निघून गेला तर साप पांढरा होत नाही. लाल आणि पिवळा उरतो, म्हणजे भडक नारिंगी साप तयार होतो. काळ्या किनारीच्या जागी पांढरी किनार येते आणि डोळे लाल दिसतात. उलट लाल थर गेला तर राखाडी-काळा साप मिळतो. असे राखाडी साप दक्षिण फ्लोरिडात रानातही सापडतात. आणि दोन्ही थर गेले तर? तर आमच्या वर्गातल्या मोबाइलमधला पांढरा साप.

१९५३ मध्ये नॉर्थ कॅरोलायना राज्यात काळा रंग नसलेला एक नर रानात सापडला. रानात असा प्राणी क्वचितच मोठा होतो, कारण ससाण्याला तो लांबून दिसतो. हा वाचला आणि पुढे जॉर्जिया राज्यातल्या वाल्डोस्टा गावच्या डॉ. बर्नार्ड बेख्टेल यांच्या अभ्यासाचा विषय झाला. बेख्टेल हे त्वचारोगतज्ज्ञ. दिवसभर माणसांची कातडी तपासायची आणि उरलेल्या वेळात साप पाळायचे. एखाद्या प्राण्याला रंग का नसतो, हा प्रश्न त्यांच्यासाठी दवाखान्यातलाही होता आणि घरातलाही.

त्यांनी आणि त्यांच्या पत्नी एलिझाबेथ यांनी जे केले ते मेंडेलने वाटाण्यावर केले होते तेच. रंगहीन नराची नेहमीच्या रंगाच्या मादीशी जोड लावली. पिल्ले निघाली ती सगळी नेहमीच्या रंगाची. कोणी म्हटले असते, झाले, दोष गेला. पण बेख्टेल थांबले नाहीत. पुढची पिढी घेतली आणि १९६१ मध्ये अंड्यांतून पुन्हा लाल डोळ्यांची, काळा रंग नसलेली पिल्ले बाहेर आली. माणसाच्या घरात जन्मलेली ही अशी पहिली पिल्ले. १९६२ मध्ये त्यांनी हे शास्त्रीय नियतकालिकात मांडले. सिद्ध झाले ते इतकेच की हा गुण अप्रभावी आहे. तो आईकडून एक आणि बापाकडून एक असा जोडीने आला तरच दिसतो. एकट्याने आला तर दिसत नाही, पण जातही नाही. नेहमीच्या रंगाच्या सापाच्या आत गुपचूप बसून राहतो आणि पुढच्या पिढीची वाट बघतो.

हे वाक्य लक्षात ठेवा. याच्यावर पुढे एक सबंध बाजार उभा राहिला, आणि याच्याच अज्ञानावर आपल्याकडे घरे मोडतात.

प्राण्यांच्या जोड्या लावून रंग काढायचा शौक अर्थात अमेरिकेचा नाही. उर्दूच्या मास्तराला इथे अकबर आठवणारच. अबुल फजलने 'आईन-ए-अकबरी'मध्ये बादशहाच्या कबुतरांवर एक सबंध प्रकरण लिहिले आहे. अकबर या शौकाला 'इश्कबाजी' म्हणायचा. वीस हजारांहून अधिक कबुतरे, त्यांतली पाचशे 'खासा'. इराण-तुराणच्या राजांकडून कबुतरे नजराणा म्हणून यायची. त्यांच्या जोड्या विचार करून लावल्या जायच्या, रंगांना आणि नक्षीला वेगवेगळी नावे होती. चार्ल्स डार्विनने १८५९ च्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथात पहिल्याच प्रकरणात कबुतरांचा विषय काढला तेव्हा अकबराच्या या कबुतरखान्याचा उल्लेख केला. डार्विन स्वतः लंडनच्या कबुतरबाजांच्या मंडळांत जाऊन बसायचा. माणूस जोड्या निवडून थोड्या पिढ्यांत एवढे वेगळे पक्षी घडवतो, तर निसर्ग लाखो वर्षांत काय करणार नाही, हा त्याचा मुद्दा. आपल्या छतावरच्या लक्क्या आणि लोटनपासून तो मुद्दा निघाला, हे आपल्या मुलांना कोणी सांगत नाही.

कबुतरानंतर सोनमासा, कोंबडी, कुत्रा, सगळ्यांवर हा प्रयोग होऊन गेला होता. साप उरला होता, कारण सापाला कोण घरात घेणार? पण विसाव्या शतकाच्या मध्यात अमेरिकेत सापांचे शौकीन वाढू लागले. न्यू यॉर्कच्या स्टेटन आयलंड प्राणिसंग्रहालयातले सर्पतज्ज्ञ कार्ल कॉफेल्ड यांनी १९५७ मध्ये साप शोधण्याच्या भटकंतीवर एक पुस्तक लिहिले. साउथ कॅरोलायनातल्या ओकीटी नावाच्या शिकार-क्लबच्या जमिनीवर सापडणाऱ्या मक्याच्या सापांचे त्यात त्यांनी भरभरून वर्णन केले होते. गडद लाल ठिपके, रुंद काळी किनार. पुस्तक वाचून हौशी लोक पोती आणि काठ्या घेऊन त्या भागात जाऊ लागले. लेखकाच्या कौतुकाने त्या जागेची शांतता गेली. आजही तशा रंगाच्या सापाला, तो जर्मनीतल्या एखाद्या खोलीत जन्मला असला तरी, 'ओकीटी' म्हणूनच विकतात.

मक्याच्या सापात बाजाराला लागणारे सगळे गुण होते. स्वभाव गरीब, आकार हातात मावेल इतका. बर्फात ठेवलेला मेलेला उंदीर दिला तरी खातो. बंद पेटीत सहज वीण होते. मादी एका वेळी साधारण दहा ते तीस अंडी घालते आणि दोन महिन्यांत पिल्ले निघतात. दोन-तीन वर्षांत तीच पिल्ले वीण द्यायला तयार. म्हणजे एका माणसाच्या हयातीत दहा-पंधरा पिढ्या बघता येतात. अकबराला कबुतरांत जे दिसले ते इथे प्लास्टिकच्या डब्यांच्या फडताळात दिसू लागले.

पांढरा साप कसा काढला ते गणित मी नंतर फळ्यावर मांडून बघितले. काळा नसलेला एक आणि लाल नसलेला एक, यांची जोड लावायची. पहिली पिढी सगळी नेहमीच्या रंगाची, पण प्रत्येकाच्या आत दोन्ही उणिवा लपलेल्या. त्या भावंडांची आपसांत जोड लावली की सोळा पिल्लांत सरासरी नऊ नेहमीची, तीन नारिंगी, तीन राखाडी आणि एक पांढरे. सोळात एक. हा साप कोणी पकडून आणलेला नाही, हिशेब करून बनवलेला आहे.

पुढे रंगांची आणि नक्षीची यादी वाढत गेली. ठिपके एकमेकांना जोडलेले ते 'मॉटली', पाठीवर सरळ रेघा असलेले ते 'स्ट्राइप', जांभळट छटेचे ते 'लॅव्हेंडर'. एकाशी दुसरा, दुसऱ्याशी तिसरा असे जोडत नवी नावे निघाली. १९९० पासून फ्लोरिडात सरपटणारे प्राणी पैदा करणाऱ्यांचा वार्षिक बाजार भरू लागला. टेबलांवर झाकणाचे लहान लहान डबे, प्रत्येकात करंगळीएवढे पिल्लू, डब्यावर नाव, लिंग आणि किंमत. १९९२ मध्ये आफ्रिकेच्या बॉल पायथन या अजगराचीही रंगहीन पिल्ले पाळीव जोडीतून निघाली आणि बाजाराने वेगळीच उडी घेतली.

या बाजाराचा नियम मला कांद्याच्या बाजारासारखा वाटला. नवा रंग निघतो तेव्हा तो दोन-चार जणांकडेच असतो, म्हणून भाव आभाळाला. घेणारा तो हौसेने घेत नाही, पिल्ले विकून पैसे वसूल करायच्या हिशेबाने घेतो. पण एकेक मादी वीस-वीस अंडी घालते. चार-पाच वर्षांत तोच रंग शंभर जणांकडे होतो आणि भाव बसतो. १९६१ मध्ये जगात मूठभर असलेला नारिंगी साप आज या धंद्यातला सर्वांत साधा, स्वस्त माल आहे. मग पुन्हा नव्या रंगाचा शोध. साप तोच असतो, भूक तीच, विळखा तोच. बदलते ती फक्त त्याची दुर्मीळता.

या बाजारात एक शब्द आहे, 'हेट'. आत गुण लपलेला पण बाहेरून नेहमीचा दिसणारा साप तो हेट. साध्या सापाहून त्याला भाव जास्त, कारण त्याच्या पोटी रंगीत पिल्लू येऊ शकते. आणि डब्यावर कधी कधी लिहिलेले असते, '६६ टक्के हेट'. याचा अर्थ मला आधी कळेना. मग हिशेब केला. दोन हेटांची जोड लावली तर चार पिल्लांत सरासरी एक रंगहीन, तीन नेहमीची. त्या तिघांपैकी दोघांत गुण लपलेला, एकात अजिबात नाही. बाहेरून तिघे सारखेच. म्हणून कोणत्याही एकाबद्दल तिघांत दोन अशी शक्यता, म्हणजे ६६ टक्के. धंदेवाईक लोक हे डब्यावर छापतात, प्रामाणिकपणे छापतात, आणि त्यात कोणाला लाज वाटत नाही.

या रंगांची किंमत सापांनीही मोजली आहे. नवा रंग पक्का करायचा तर भाऊ-बहीण, बाप-लेक अशा जोड्या लावाव्या लागतात. मग हव्या असलेल्या गुणाबरोबर नको असलेलाही जोडीने वर येतो. मक्याच्या सापांच्या 'सनकिस्ड' नावाच्या रंगाच्या वंशात असे निघाले की काही पिल्ले डोके मागे टाकून आभाळाकडे बघत राहतात, उलटी होतात, तोल जातो. तो मज्जासंस्थेचा दोष होता, रंगाच्या आड पिढ्यान्‌पिढ्या लपून आलेला. चांगल्या लोकांनी आपल्या वंशाची तपासणी केली, दोष असलेले साप वीणीतून काढले. बॉल पायथनच्या 'स्पायडर' नावाच्या नक्षीत तर डोके थरथरणे त्या नक्षीलाच जोडलेले आहे. नक्षी हवी तर थरथर घ्यावी लागते. ब्रिटनमध्ये यावरून मोठा वाद झाला.

हा धंदा आपल्या दारापर्यंतही आला आहे. डिसेंबर २०२३ मध्ये मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या एका प्रवाशाच्या सामानात बिस्किटांच्या आणि केकच्या पुड्यांत कोंबलेले ११ जिवंत साप सापडले. नऊ बॉल पायथन आणि दोन मक्याचे साप. नॉर्थ कॅरोलायनाच्या रानातला जीव बिस्किटाच्या पुड्यातून सहार विमानतळावर. शौक म्हणायचा तर यात इश्क कुठे आहे, असा प्रश्न अकबराच्या कबुतरखान्यातल्या साध्या नोकरालाही पडला असता.

आता ती गोष्ट, जिच्यासाठी हे सगळे लिहिले.

२०१५ मध्ये जिनिव्हा विद्यापीठातल्या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बेख्टेल यांच्या प्रश्नाचे शेवटचे उत्तर शोधले. मक्याच्या सापात काळा रंग कशामुळे नाहीसा होतो? ओसीए-२ नावाच्या जनुकात डीएनएचा एक भटका तुकडा येऊन घुसलेला असतो. त्यामुळे ते जनुक नीट काम करत नाही आणि मेलॅनिन बनत नाही. हे वाचून मी खुर्चीत सरळ बसलो, कारण हे जनुक माणसातही आहे. माणसाच्या जन्मजात वर्णकहीनतेचे अनेक प्रकार आहेत, वेगवेगळ्या जनुकांमुळे होणारे. त्यांतला एक प्रमुख प्रकार याच ओसीए-२ मधल्या बिघाडामुळे होतो. बहुतेक प्रकारांत नियम तोच, बेख्टेल यांच्या सापांचा. आईकडून एक, बापाकडून एक. नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात 'वर्णकहीनता' हा शब्द आहे. मुले तो पाठ करतात आणि बाहेर येऊन भुऱ्याला अंग्रेज म्हणतात.

त्याच सुमारास त्या मुलाची अम्मी शाळेत आली. मला वाटले मुलाच्या अभ्यासाबद्दल बोलायला आली असेल. ती आली होती मोठ्या मुलीबद्दल. मुलगी बारावी झाली होती, रंगरूपाने चारचौघींसारखी. तिची बात तिच्या फुफीच्या मुलाशी पक्की होत आली होती. आणि फुफीने निरोप पाठवला, नको. भाऊ असा आहे, उद्या पोरे अशी झाली तर? वर हेही सांगितले की हा ऐब मुलीच्या आईकडून आला आहे, आमच्या खानदानात असे कोणी नव्हते.

"सर, मैं ग्रहण में बाहर निकली थी, वो बी बोलते," ती म्हणाली. "बारा साल से सुन रही हूँ."

मी तिला बसवले, पाणी दिले. मग पाठकोऱ्या कागदावर एक चौकट काढली. साप मी तिला सांगितला नाही. वाटाणा सांगितला, लाल आणि पांढऱ्या फुलांचा. मी म्हणालो, "आपा, ग्रहणाचा यात काही संबंध नाही. हा रंग मुलात जोडीने आला तरच दिसतो. निम्मा तुमच्याकडून आला, निम्मा मुलाच्या अब्बांकडून. एकट्या आईने हे करायचे म्हटले तरी करता येत नाही." ती बराच वेळ कागदाकडे बघत राहिली. मग हळूच विचारले, "उनकी तरफ से बी?" मी म्हणालो, "हो, बराबर निम्मा."

तिचे आणि तिच्या नवऱ्याचे नाते मला ठाऊक होते. खालाजाद भावंडे, दोघांच्या आया सख्ख्या बहिणी. म्हणजे बहुतेक एकाच नाना-नानींकडून आलेला एक गुपचूप गुण दोन बहिणींतून उतरून या घरात पुन्हा भेटला होता. फुफी म्हणजे त्या नवऱ्याची सख्खी बहीण. आमच्या खानदानात कोणी नव्हते म्हणणाऱ्या त्या बाईच्या अंगात तोच गुण असण्याची शक्यता निम्मी. तिच्या मुलात असण्याची चारात एक. बोट आईकडे दाखवले, पण ते बोट ज्या हाताचे तो हात त्याच घरातला.

इथे मला एक प्रामाणिक गोष्टही सांगायला हवी. मी मुलीचा हिशेब केला. तिच्यात हा गुण लपलेला असण्याची शक्यता तिघांत दोन. तेच ६६ टक्के, जे सापाच्या डब्यावर छापतात. फुफीच्या मुलात चारात एक. दोघांत असला तर प्रत्येक बाळामागे चारात एक. एकूण चोवीसात एक. म्हणजे फुफीची भीती अगदीच हवेतली नव्हती. पण नात्याबाहेरच्या, ज्याच्या घरी असे कोणी नाही अशा मुलाशी निकाह झाला तर ही शक्यता कितीतरी खाली येते. हिशेबाने पाहिले तर ती बात मोडली ते वाईट झाले नाही. वाईट होते ते मोडताना वापरलेले शब्द.

मी हे आपांना सांगितले. टक्के नाही सांगितले. सांगितले ते एवढेच की मुलगी निरोगी आहे, तिच्यात ऐब नाही, आणि बाहेरचा चांगला मुलगा मिळाला तर काळजीचे कारण फार थोडे उरते. आणि जिल्ह्याच्या ठिकाणी जाऊन अनुवंशशास्त्र जाणणाऱ्या डॉक्टरांचा सल्ला घ्या. मी मास्तर आहे, डॉक्टर नव्हे.

नात्यातल्या निकाहाबद्दल आपल्याकडे बोलणे अवघड आहे. बाहेरचे लोक हा विषय आपल्याला चिडवायला काढतात, म्हणून आपण कान बंद करतो. खरे तर मामाच्या मुलीशी लग्न महाराष्ट्रातल्या कितीतरी हिंदू समाजांतही पूर्वापार चालत आले आहे. हा एका धर्माचा मामला नाही. शरीयतने चुलत-मामे-खाला-फुफीच्या भावंडांतला निकाह जायज ठेवला आहे, फर्ज केलेला नाही. जायज गोष्टीत अक्कल वापरायची मोकळीक असते. ज्या घरात पिढीजात आजार दिसला आहे, जिथे दोन-तीन पिढ्या सलग नात्यातच निकाह झाले आहेत, तिथे एकदा डॉक्टरला विचारून मग पुढे जायला काय हरकत आहे? आणि ज्यांचे असे निकाह होऊन गेले, त्यांना गुन्हेगार ठरवायचे काय कारण? बहुतेकांची मुले ठणठणीत असतात. अशा लपलेल्या उणिवा तुमच्या-माझ्यातही आहेतच. आपण सगळेच कशाचे तरी हेट आहोत. आपल्या डब्यावर कोणी छापत नाही, एवढेच.

त्या मुलाच्या सवालाचे उत्तर मी दिले ते काही महिन्यांनी. तोवर थोडे काम झाले होते. डोळ्यांच्या डॉक्टरांकडून जाड चष्मा आला. रुंद काठाची टोपी आली, मैदानावर ती घालायची परवानगी मुख्याध्यापकांकडून घेतली. कमी दृष्टी ही २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत आहे, म्हणून प्रमाणपत्रासाठी अर्ज केला. पुढे बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ लागेल. प्रश्नपत्रिका मोठ्या अक्षरांत काढून द्यायला लागलो. पहिल्याच चाचणीत मराठीत त्याला २० पैकी १७ मिळाले. त्याची नजर कमी होती आणि आम्ही त्याला ढ समजत होतो.

मग एका शनिवारी मी वर्गात त्या सापाची सगळी गोष्ट सांगितली. नॉर्थ कॅरोलायनातला १९५३ चा नर, कातडीचे डॉक्टर, सोळातले एक पिल्लू, बिस्किटाच्या पुड्यातले साप. मुले श्वास रोखून ऐकत होती. शेवटी म्हणालो, उर्दूत दोन शब्द आहेत, कीमत आणि कद्र. त्या सापाला कीमत मिळाली. तो दुर्मीळ होता तोवर मिळाली, मग उतरली. कद्र त्याला कधीच मिळाली नाही, नाहीतर कोणी त्याला बिस्किटाच्या पुड्यात कोंबला नसता. माणसाला कीमत लावत नाहीत. माणसाची कद्र करतात, आणि तो कितीमध्ये एक आहे यावर ती अवलंबून नसते.

पहिल्या बाकावरून लगेच काही आवाज आला नाही. थोड्या वेळाने त्याने चष्मा पुसला आणि विचारले, "सर, वो पहला साँप, रान में अकेला कैसे बचा होंगा?"

मी सांगितले की ते मला माहीत नाही. त्याला उत्तर आधीच सुचले होते.

"रात में निकलता होंगा," तो म्हणाला. "धूप में अपन को बी नहीं दिखता."

या वेळी वर्ग हसला नाही. मागच्या बाकावरचा, ज्याने मोबाइल आणला होता तो मुलगा, उठून पुढे आला आणि त्याच्या शेजारी बसला. त्या दिवसापासून तो तिथेच बसतो. 'अंग्रेज' हे नाव अजून पूर्ण गेलेले नाही. नावे एवढ्या लवकर जात नाहीत. मुलीसाठी आता शेजारच्या तालुक्यातून एक विचारणा आली आहे. आपांनी त्या लोकांना भावाबद्दल स्वतःच आधी सांगितले, ग्रहणाचे नाव न घेता, निम्मे-निम्मे.